‘हळू टाक’ नको, चेंज-अप शिकवा: बारा वर्षांखालच्या पिचरसाठी खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ आणि प्रशिक्षक,
ट्रॅव्हल बेसबॉल क्लब, १२ वर्षांखालील गट,
न्यू जर्सी

विषय: सामन्यातली चेंज-अपवरची बंदी उठवणे आणि पिचरची निवड केवळ रडार गनवर न करणे.

स.न.वि.वि.

जानेवारीच्या पत्रकात आपण तीन गोष्टी जाहीर केल्यात. पिचरांची (चेंडू टाकणाऱ्यांची) क्रमवारी रडार गनवरच्या, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावरच्या, सर्वांत मोठ्या आकड्यावर लागेल. स्पर्धेच्या सामन्यांत डगआउटमधून (संघाच्या बाकावरून) फक्त फास्टबॉल आणि कर्व्हबॉलच्या (वळणाऱ्या चेंडूच्या) खुणा येतील. चेंज-अपचं (फास्टबॉलसारखाच हात फिरवून टाकलेला, पण हळू येणारा चेंडू) ‘हायस्कूलला गेल्यावर बघू’. आणि अकराव्या वर्षापासून कर्व्हबॉलचे वेगळे वर्ग, वेगळी फी. या तिन्हींना आमचा विरोध आहे. तिन्हींचं मूळ एकच, म्हणून पत्रही एकच.

इंग्रजी प्रत आपल्याला दिलेली आहे. ही मराठी प्रत उघड प्रसिद्ध करतो आहोत ती कुंपणाबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून बसणाऱ्या आमच्यासारख्या पालकांसाठी. क्लबचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, कारण हीच पद्धत इतर कितीतरी क्लबांत आहे. आमची मुलं आपल्याकडे खेळतात, आमच्यातले दोघे बुलपेनमध्ये (पिचरांच्या सरावाच्या जागेत) मिट, म्हणजे झेलायचा मोठा ग्लोव्ह, घेऊन बसतात आणि एक जण धावफलकाची वही सांभाळतो. आमचा संबंध एवढाच, पण पुरेसा आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला पिचरकडे बघताना आधी वेग दिसतो. तरी चेंज-अप आपल्याला परका नाही. श्रीरामपूरच्या झहीर खाननं २०११ च्या विश्वचषकात नकल बॉल टाकून फलंदाजांना कसं फसवलं ते आपण पाहिलेलं आहे: धाव तीच, हात तोच, चेंडू मात्र उशिरा. चेंज-अप त्याच घरातला. फरक इतकाच की क्रिकेटमध्ये असा चेंडू तोंडी लावण्यापुरता असतो, आणि बेसबॉलमध्ये डाव सुरू करणाऱ्या पिचरसमोर तोच बॅटर एका सामन्यात तीन-तीनदा येतो. तिसऱ्या वेळी नुसत्या वेगाचं कौतुक उरत नाही.

आता हिशेब. लिटल लीगच्या लहान मैदानावर माउंडपासून (पिचरच्या उंचवट्यापासून) प्लेट (बॅटरपुढची पाटी) ४६ फुटांवर असते. हात पुढे येऊन चेंडू सुटतो तो साधारण ४१ फुटांवरून. ताशी ६० मैलांचा फास्टबॉल हे अंतर सुमारे ०.४७ सेकंदात कापतो, ५२ मैलांचा चेंज-अप ०.५४ सेकंदात. फरक ०.०७ सेकंदाचा, डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण फास्टबॉल समजून फिरवलेली बॅट प्लेटवर पोचते तेव्हा चेंज-अप अजून साडेपाच फूट मागे असतो. शिवाय त्या जास्तीच्या वेळात गुरुत्वाकर्षण चेंडूला जवळपास फूटभर आणखी खाली ओढतं. बॅट आधी फिरते, वरून फिरते. हे सगळं घडतं ते एकाच अटीवर: हाताचा वेग दोन्ही चेंडूंना सारखाच दिसला पाहिजे. हात मंदावला की बॅटरला चिठ्ठी लिहून कळवल्यासारखंच.

आमची पहिली तक्रार आकड्याबद्दल आहे. बाराव्या वर्षी ४६ फुटांवरून ६५ मैल टाकणारा मुलगा राजा असतो. तोच मुलगा १३-१४ व्या वर्षी ५४ फुटांवर आणि मग मोठ्यांच्या ६० फूट ६ इंचांवर जातो (मोठ्यांचं हे अंतर १८९३ पासून बदललेलं नाही). साध्या त्रैराशिकानं पाहिलं तर ६० फूट ६ इंचांवरून टाकलेले ६५ मैल बॅटरला ४६ फुटांवरच्या ४९ मैलांइतका वेळ देतात. मुलाचा हात तोच असतो, मैदान मोठं झालेलं असतं, आणि आदल्या वर्षी ज्यांना बॅट लावता येत नव्हती ते चेंडू भिंतीवर आदळू लागतात. त्या दिवशी त्याच्याकडे दुसरं काय आहे, हा प्रश्न आपण बाराव्या वर्षी विचारायचा असतो. दाढी-मिशा लवकर फुटलेल्या मुलांवर शनिवार-रविवारच्या स्पर्धा जिंकता येतात हे आम्हालाही दिसतं. पण अशा मुलाला चेंज-अपची गरज दोन वर्षं भासत नाही, आणि गरज पडते तेव्हा त्याला तो येत नाही.

रडार गनबद्दल आमचं मत बाजूला ठेवा. अलाबामातल्या बर्मिंगहॅमची अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूट, जिथे पिचरांच्या कोपरा-खांद्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला आहे, ती किशोरवयीन पिचरांसाठी रडार गन टाळा असं सांगते. शिकवण्याचा क्रमही तिनं दिलेला आहे: आधी नुसतं फेकणं, मग फास्टबॉल, मग चेंज-अप. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलनं (इथली सर्वोच्च व्यावसायिक लीग) दुखापतींवरचा अहवाल काढला, त्यातही वेगामागे धावणं हे वाढत्या दुखापतींचं एक मुख्य कारण म्हणून नोंदवलेलं आहे. आणि आपण फळ्यावर काय लिहिता? फक्त सर्वांत मोठा आकडा. मुलं मग सरावात दहातले दहा चेंडू जीव तोडून टाकतात, कारण अकराव्या चेंडूवर एखादा मैल वाढला तर नाव वर सरकेल.

दुसरी तक्रार कर्व्हबॉलची. ही आम्ही जपून मांडतो, कारण यात अर्धवट ज्ञान फार फिरतं. ‘कर्व्हनं कोपर तुटतं’ असं सरसकट विधान आम्ही करणार नाही. लहान पिचरांवर प्रयोगशाळेत मोजमाप झालं तेव्हा कोपर-खांद्यावर सर्वांत जास्त ताण फास्टबॉलचा निघाला, कर्व्हचा त्याहून कमी आणि चेंज-अपचा सर्वांत कमी. दुसरीकडे ९ ते १४ वर्षांच्या ४७६ पिचरांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात कर्व्ह टाकणाऱ्यांत खांदा दुखण्याचा धोका ५२ टक्क्यांनी आणि स्लायडर (वेगात, उशिरा वळणारा चेंडू) टाकणाऱ्यांत कोपर दुखण्याचा ८६ टक्क्यांनी जास्त आढळला. प्रयोगशाळेत निवडक, नीट शिकलेली मुलं असतात. मैदानावर थकलेली, मनगट कसंही पिळणारी. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की घाई करू नये एवढं तरी कळतं. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ सूचना हेच म्हणतात: ९ ते १२ वर्षांपर्यंत फास्टबॉल आणि चेंज-अप सोडून दुसरं काही नको, १३-१४ व्या वर्षी कर्व्ह चालेल, पण फास्टबॉल आणि चेंज-अप पक्के झाल्यावर. आपल्या पत्रकात हा क्रम उलटा आहे.

ताणापेक्षाही मोठं कारण आम्हाला वेगळंच वाटतं. बारा वर्षांच्या बॅटरला वळणारा चेंडू दिसला की तो गुडघ्यात वाकतो. बरा-वाईट कसाही कर्व्ह तिथे चालून जातो. असं फुकट यश मिळालं की कोणता मुलगा चेंज-अपच्या मागे लागेल? चेंज-अप सुरुवातीला मार खातो, जमिनीत आपटतो, लाजवतो. तो मुरायला हंगाम जातात. ज्या वयात मार खाल्ल्यानं काही बिघडत नाही तेच त्याचं वय.

तिसरी तक्रार शिकवण्याबद्दल, आणि इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत. ‘लहान हातांना चेंज-अप जमत नाही’ असं आपल्या प्रशिक्षकांनी पालकसभेत सांगितलं. हाताच्या मापाचा मुद्दा खरा आहे. क्रिकेटच्या नियमांत तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी लहान आणि हलका चेंडू आहे. बेसबॉलमध्ये नऊ वर्षांच्या पोरालाही मोठ्यांच्याच मापाचा चेंडू मिळतो, घेर ९ ते सव्वानऊ इंच, वजन ५ ते सव्वापाच औंस. पण नेमक्या याच कारणानं आठ-नऊ वर्षांचं मूल चेंडू दोन बोटांत धरत नाही, तीन बोटांत धरतं. ती तीन बोटांची पकड म्हणजेच चेंज-अपची पहिली पकड. आपण मुलाला दोन बोटांचा फास्टबॉल शिकवताना ती जुनी पकड पुसून टाकता. पुसू नका, ठेवून द्या. काम अर्धं झालेलं आहे.

पकड अशी. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका चेंडूच्या वर, शिवणीला आडवी. अंगठा खाली, करंगळी बाजूला. फास्टबॉल बोटांच्या टोकांवर असतो. हा बोटांच्या मुळाकडे सरकवायचा, मात्र तळहातात कोंबायचा नाही. तळहात आणि चेंडू यांच्यात थोडी हवा राहिली पाहिजे. बोटांची टोकं शेवटी चेंडूला ढकलत नाहीत, म्हणून हात तितकाच वेगात फिरूनही चेंडू आठ-दहा मैलांनी हळू निघतो. तेरा-चौदाव्या वर्षी हात वाढला की ‘सर्कल’ पकड: अंगठा आणि तर्जनी यांची कडी चेंडूच्या कुशीला, मधलं बोट आणि अनामिका वर. मेजर लीगमधला नामवंत पिचर पेड्रो मार्टिनेझ याचा गाजलेला चेंज-अप याच पकडीचा. उजव्या हाताच्या पिचरचा असा चेंडू डावखुऱ्या बॅटरपासून दूर सरकत खाली बसतो. पण बाराव्या वर्षी या सरकण्याच्या मागे लागू नये. आधी वेगातला फरक, मग खालची जागा, सरकणं सर्वांत शेवटी.

बिघडतं कुठे, तेही सांगतो, कारण बुलपेनमध्ये तेच-तेच दिसतं.

सर्वांत पहिला गुन्हेगार म्हणजे ‘हळू टाक’ हे दोन शब्द. मूल आज्ञाधारक असतं, ते हळू टाकतं: हात मंदावतो, कोपर खाली येतं, चेंडू छातीएवढ्या उंचीवर तरंगत येतो आणि कुंपणापार जातो. मग प्रशिक्षक म्हणतात, बघा, चेंज-अपला मार बसतो. सांगायचं वाक्य एकच: फास्टबॉलच टाक, पकड तेवढी बदल. दुसरं, पकड घट्ट होते. नखं पांढरी पडली की मनगट ताठ झालं समजा, आणि ताठ मनगटाचा चेंडू वरच जातो. तिसरं, पाऊल आखडतं. वेग कमी करायच्या नादात मूल पुढचं पाऊल सहा-आठ इंच अलीकडे टाकतं आणि शरीर मागे राहतं. माउंडवर फास्टबॉलच्या पावलाची खूण करा. चेंज-अपचं पाऊल तिथेच पडलं पाहिजे. चौथं जास्त काळजीचं: चेंडू वळावा म्हणून मनगट मुद्दाम आत पिळणं. चेंडू सुटल्यावर हात आपोआप आत वळतो, अंगठा जमिनीकडे जातो. प्रत्येक चेंडूला तसंच होतं. त्यात जास्तीची पिळवट घातली की कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं, आणि या वयात तिथली हाडाची वाढपट्टी अजून उघडी असते.

ग्लोव्हमध्ये चेंडू चाचपडताना ग्लोव्ह फुगतो, आणि समोरच्या संघातला हुशार मुलगा तिसऱ्या इनिंगपर्यंत ते ओळखतो. उपाय सोपा: दर वेळी ग्लोव्हमध्ये चेंज-अपचीच पकड घ्यायची आणि फास्टबॉल टाकायचा असेल तर तिथून बदलायचं. उलट करणं जास्त दिसतं.

शिकवायला आठ आठवडे पुरतात, तेही वेगळी फी न घेता. पहिले दोन आठवडे नुसत्या फेकाफेकीत: गरम झाल्यावर शेवटचे १५ चेंडू ४५ फुटांवरून चेंज-अपच्या पकडीनं, लक्ष्य जोडीदाराची छाती. सुरुवातीला चेंडू पायाशी पडेल. पडू द्या, हात मंदावू देऊ नका. पुढचे दोन आठवडे सपाट जमिनीवर प्लेट ठेवून २० चेंडू, एक फास्टबॉल, एक चेंज-अप. बाजूनं मोबाइलवर संथगतीत चित्रण करा आणि मुलालाच विचारा, यातला फास्टबॉल कोणता? त्याला चटकन ओळखता आला तर अजून काम बाकी आहे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात माउंडवरून ३० चेंडू, त्यातले १४ चेंज-अप. शेवटच्या दोन आठवड्यांत समोर बॅटर. रडार गन हवीच असेल तर इथे आणा, पण दोन आकड्यांतला फरक बघायला. ताशी ६० मैल टाकणाऱ्या मुलाचा चेंज-अप ५० ते ५३ असला की छान. ५७ असेल तर तो फक्त वाईट फास्टबॉल. आणि ४५ झाला तर बॅटरला थांबून, श्वास घेऊन मारायला वेळ मिळतो.

कधी टाकायचा, हेही डगआउटनं शिकायला हवं. फास्टबॉलला उशीर करणाऱ्या नवव्या क्रमांकाच्या बॅटरला चेंज-अप टाकणं म्हणजे त्याची बॅट वेळेवर आणून देण्याची समाजसेवा. तो टाकायचा फास्टबॉल लवकर ओढणाऱ्याला, आणि दोन बॉल-शून्य स्ट्राइक असताना (दोन चेंडू बाहेर गेलेले, अचूक एकही नाही), जेव्हा बॅटर फास्टबॉलचीच वाट बघत असतो. आपल्या मनगटपट्टीवरच्या तक्त्यात त्या खान्यात आजही फास्टबॉलच लिहिलेला आहे.

हायस्कूलपर्यंत थांबल्यानं बिघडलं कुठे, असं आपण म्हणाल. उशिरा शिकून मोठे झालेले आहेत, हे मान्य. मेजर लीगमधला पिचर ट्रेव्हर हॉफमन याचा खांदा १९९४ मध्ये दुखावला, वेग गेला, आणि एका सहकाऱ्याकडून घेतलेल्या चेंज-अपच्या पकडीवर त्यानं कारकिर्दीतल्या ६०१ सेव्हपैकी (संघाची आघाडी शेवटी राखून सामना संपवणं) बहुतेक केले. योहान सांतानाचा चेंज-अप २००२ मध्ये एडमंटनला, मेजर लीगच्या एक पायरी खाली पक्का झाला. तिथले प्रशिक्षक बॉबी क्वेयार यांनी त्याला प्रत्येक बॅटरला निदान एक चेंज-अप टाकायला लावला. दोन वर्षांनी सांताना साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) घेऊन उभा होता. ही उदाहरणं आपल्या बाजूची वाटतील, पण नीट बघा. क्वेयार यांनी सामन्यात टाकायला लावलं; मार बसला तर बसू दिला. बुलपेनमध्ये शिकून सामन्यात बंदी, असं नाही केलं. आणि २०२४ व २०२५ असा लागोपाठ अमेरिकन लीगचा साय यंग मिळवणाऱ्या तारिक स्कुबलकडे शंभराच्या घरातला वेग असूनही बॅटर सर्वांत जास्त फसतात ते त्याच्या चेंज-अपवर.

चौथी तक्रार थोडक्यात. दोन संघांत खेळणाऱ्या मुलांच्या चेंडूंची एकत्र मोजणी कोणीच ठेवत नाही. पिच स्मार्टप्रमाणे ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे, ६६ किंवा जास्त टाकल्यास चार दिवस विश्रांती, वर्षातून किमान चार महिने फेकणं बंद. आपल्या हिवाळी वर्गांमुळे ते चार महिने उरत नाहीत. चार इनिंग पिच करून तोच मुलगा पुढच्या सामन्यात कॅचर म्हणून बसतो, तेही थांबायला हवं.

आमच्या मागण्या:

१. १२ वर्षांखालच्या सर्व संघांत सामन्यात चेंज-अप टाकण्याची मुभा द्यावी. ५० चेंडूंत किमान ८ चेंज-अप टाकले जातील असं पाहावं, आणि चेंज-अपला मार बसला म्हणून पिचरला उतरवू नये.

२. वेगाची क्रमवारी फळ्यावरून काढावी. लिहायचंच असेल तर स्ट्राइकची टक्केवारी आणि फास्टबॉल-चेंज-अपमधला फरक लिहावा.

३. तेरा वर्षं पूर्ण होईपर्यंत कर्व्हबॉलचे वर्ग बंद. त्यानंतरही दहांपैकी सहा चेंज-अप स्ट्राइक पडत असतील तरच सुरुवात. सहाचा आकडा आमचा आहे; आपला वेगळा असेल तर सांगा, पण आकडा असू द्या.

४. प्रत्येक पिचरची चेंडूमोजणी, दुसऱ्या संघातली धरून, पालकांना दिसेल अशी ठेवावी. वही सांभाळायला आम्ही तयार आहोत. एका दिवशी एकाच मुलाला पिचर आणि कॅचर करू नये.

५. वसंत हंगामाच्या पहिल्या सरावाआधी लेखी उत्तर द्यावं. ‘नाही’ असेल तर कारणासह.

आपले,
१२ वर्षांखालच्या संघांतील काही मराठी पालक

ता.क. खुर्च्यांवरच्या मंडळींसाठी: पोरगं चेंज-अप टाकून मार खाईल तेव्हा कुंपणाला हात लावून ‘अरे जोरात टाक ना!’ असं ओरडू नका. तो जोरातच टाकत असतो.